कोरड्या काड्या

सोमवार, ३

आज दवाखान्यात जायच्या आधी मी दोनदा हात धुतले आणि पोचल्यावर मावशीने पहिलं वाक्य काय टाकलं, तर "जा, हात धुऊन ये."

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. मुलांची डॉक्टर. मी डॉक्टर होऊन जेमतेम महिना झाला आहे. पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळेपर्यंत मी तिच्या हाताखाली काम करायचं हे दोघी बहिणींनी परस्पर ठरवून टाकलं. राहायला वरच्या मजल्यावर, काम मधल्या मजल्यावर. तळमजल्यावर किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान आहे. त्याच्या यंत्राची किरकिर जिन्यावरून वर येते आणि तपासायला आलेली मुलं दाढेचा डॉक्टर आहे असं समजून दारातच भोकाड पसरतात.

सध्या घशांचा मोसम आहे. हिरव्या बाकावर बसलेल्या दर दुसऱ्या मुलाचा घसा दुखतो. मावशीची तऱ्हा बघण्यासारखी आहे. मूल दारातून आत येतं तेव्हापासून ती बघत असते. कसं चालतं, थुंकी गिळताना तोंड वाकडं करतं का, मान कशी धरतं. मग मानेच्या पुढच्या गाठी चाचपते, बोटं इतकी हलकी की मुलाला वाटतं ती कॉलर नीट करते आहे. मग बॅटरी घेऊन घसा बघते, आणि मग एका छोट्या पाटीवर खडूने आपला अंदाज लिहून पाटी टेबलावर उपडी ठेवते. 'स्ट्रेप', म्हणजे घशात स्ट्रेप्टोकोकस जंतू आहे, किंवा 'नाही'. त्यानंतर घशातून कापसाची काडी फिरवून तपासणीची पट्टी लावायची. एक रेघ आली तर जंतू नाही, दोन आल्या तर आहे. मग मुलानेच पाटी उलटायची. अंदाज बरोबर निघाला तर मावशी काही बोलत नाही. चुकला तर मोठ्याने ओरडते, "डॉक्टर नापास!" मुलं खूष.

मी विचारलं, "पट्टी सांगणारच आहे, तर लिहितेस कशाला?"

"नुसतं मनात धरलं ना, की उत्तर आल्यावर मन लबाडी करतं. म्हणतं, मला हेच वाटलं होतं."

"पण तुला तर बघून कळतं ना?"

"कुणाला बघून कळत नाही गं. खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज असेल तर बहुतेक व्हायरल, आपोआप जातं. खोकला नाही, ताप एकदम चढला, गाठी दुखतात, टॉन्सिलवर पांढरं आलंय, तर स्ट्रेप असू शकतं. असू शकतं. या दोन शब्दांत माझे केस पिकले."

इतकी वर्षं काम केलेली बाई असं म्हणते! मी उगाच स्वतःला डॉक्टर म्हणवते.

संध्याकाळी आईचा फोन. नेहमीचाच प्रश्न, "आज कोणाला दुखवलं नाहीस ना?" लहानपणी मी भावाच्या गुडघ्याला पट्टी बांधायचे तेव्हापासून ती हेच विचारते. माझं पहिलं वैद्यकशास्त्र आईच्या मांडीवरचं: चिकटलेली पट्टी आधी भिजवायची, मग फुंकर, मग काढायची. दुखलं तर चूक पट्टी बांधणाऱ्याची. तिला हे आजोबांनी शिकवलं. आजोबांनी आपल्या मुलींच्या डोळ्यांतून कधी पाणी काढू दिलं नाही, असं आमच्या घरात अभिमानाने सांगतात.

मंगळवार, ४

आज मावशीने काडी कशी घ्यायची ते दाखवलं. सिस्टर (दवाखान्याइतक्याच जुन्या, तोंडाने फटकळ) मुलाला मांडीवर घेऊन बसल्या, त्याची पाठ आपल्या पोटाशी, एक हात त्याच्या कपाळावर. मावशीने लाकडी पट्टीने जीभ दाबली आणि एकदम दोन काड्या आत. "दोन्ही टॉन्सिल, मागची भिंत, परत टॉन्सिल. जिभेला लावायची नाही, गालाला लावायची नाही." हे वाक्य संपायच्या आत काड्या बाहेर. एक तपासणीच्या पट्टीसाठी, दुसरी ठेवून द्यायची. पट्टीवर एकच रेघ आली तर ती दुसरी काडी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, लॅबमध्ये जाते, कारण मुलांत पट्टी कधीकधी चुकते.

मुलाला उमासा आला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मग अशी किंकाळी, की खालचं किल्लीचं यंत्र बंद पडलं.

"आलं लक्षात?" मावशीने विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

पुढच्या मुलीचा घसा बघून मावशीने पाटी उपडी ठेवली, तिला माझ्याकडे दिलं आणि ती शेजारच्या खोलीत एका तान्ह्या बाळाकडे गेली. मी घाई केली नाही. तिला म्हटलं, तू सिंहीण आहेस, जेवून आळसावली आहेस, आता मोठ्ठी जांभई दे. काड्या हलकेच आत नेल्या. तिच्या डोळ्यांत भीती दिसली, घसा वर यायला लागला, तशा लगेच मागे घेतल्या. ती रडली नाही!

सिस्टर म्हणाल्या, "अगंबाई! जादू येते का डॉक्टरीणबाईंना?"

पट्टीवर एकच रेघ. पाटी उलटली, तर 'स्ट्रेप'. मावशी दारातून ओरडली, "डॉक्टर नापास!"

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती इतकी हसली, की तिला धाप लागली. तिच्या हृदयाची एक झडप लहानपणापासून खराब आहे. जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवर काहीतरी वाचत असल्यासारखं करते, आम्हाला कळू नये म्हणून. मावशी या जंतूच्या इतकी मागे का लागते ते मला ठाऊक आहे. घसा आपोआप बरा होतो, पण औषध मिळालं नाही तर काही मुलांचे सांधे धरतात आणि मग हृदय. आईचं तसंच झालं असणार. घरात यावर कोणी बोलत नाही आणि मी विचारत नाही.

शुक्रवार, ७

आता घशाच्या सगळ्या काड्या मीच घेते. पालक बाहेर जाऊन सांगतात वाटतं, कारण एका आईने दारातच विचारलं, "न रडवणाऱ्या डॉक्टर त्या कोणत्या?" मला लाज वाटली, पण खरं लिहायचं तर बरंही वाटलं.

मावशी मात्र या आठवड्यात फार चुकते आहे. ती 'स्ट्रेप' लिहिते आणि माझ्या पट्टीवर एक रेघ येते. लॅबचे निकालही तसेच, 'जंतू आढळले नाहीत'. सोमवारी, ती स्वतः काड्या घेत होती तेव्हा, बहुतेक अंदाज बरोबर आले होते. सुरुवातीला ती मोठ्याने 'नापास' म्हणायची, आज नुसती हसली. मग बॅटरीतले सेल बदलायला सांगितले. मग चष्मा पुसला. मग मला म्हणाली, "डोळे तपासून घ्यायला हवेत."

दुसरा कोणी असता तर पट्टीलाच खोटं ठरवून औषध लिहून मोकळा झाला असता. ही पट्टीपुढे मान तुकवते. पालकांना शांतपणे सांगते, "मला वाटलं होतं तसं नाहीये. औषधाची गरज नाही, पण ताप राहिला तर परत आणा." एवढं मोठेपण माझ्यात कधी येईल?

लॅबला पाठवायच्या काड्या बंद करताना सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या काड्या किती स्वच्छ असतात हो! मॅडमच्या नेहमी चिकट, कधी रक्त लागलेलं." मी म्हटलं, "सवयीने येतं." वर जाताना वाटलं, हे जरा फुशारकीचं झालं.

मंगळवार, ११

आज रेडिओ आली. किल्लीवाल्यांची सात वर्षांची मुलगी. अखंड बोलते म्हणून तिच्या वडिलांनीच हे नाव ठेवलंय. रोज शाळेतून आली की जिन्यावर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळ्या जगाच्या बातम्या देते. वडिलांच्या बिघडलेल्या किल्ल्यांचा एक डबा तिच्याकडे असतो.

आज वडील तिला उचलूनच घेऊन आले. "डॉक्टरताई, काल संध्याकाळपासून रेडिओ बंद आहे हो."

अंग तापलेलं, पोट दुखतंय, एकदा उलटी झालेली. खोकला नाही, सर्दी नाही. मावशीने गाठींवर बोट ठेवताच ती कळवळली. मीही घसा पाहिला. टॉन्सिल सुजून एकमेकांना टेकायला आलेले, त्यांवर पांढरे ठिपके, टाळूवर बारीक लाल टिकल्या. पुस्तकातलं चित्रच.

मावशीने पाटीवर लिहिलं आणि उपडी ठेवली. न बघताही काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं.

रेडिओने माझं बोट घट्ट धरलं आणि दबलेल्या आवाजात म्हणाली, "तू घे. तू रडवत नाहीस ना?"

"नाही गं राजा."

तोंड उघडायलाही तिला त्रास होत होता. मी जितकं जमेल तितकं सांभाळून केलं. तिने हूं की चूं केलं नाही.

एक रेघ.

पाटी कोणी उलटली नाही. मावशी बराच वेळ पट्टीकडे बघत राहिली. पट्टी उजेडात धरली, परत टेबलावर ठेवली.

"मावशी, देऊया का औषध तरी?" मी विचारलं. माझे डोळे तेच सांगत होते.

"आयुष्यभर लोकांना सांगत आले की डोळ्यांवर जाऊ नका, पट्टीवर जा. आता माझ्या ओळखीची मुलगी आहे म्हणून नियम बदलू?" मग वडिलांना म्हणाली, "लॅबचा निकाल येऊ दे. तोवर तापाचं औषध, भरपूर पाणी."

निघताना रेडिओने मला डब्यातली एक किल्ली दिली. "ही कुठल्याच कुलपाची नाही. आत जाते, पण फिरत नाही. म्हणून बाबा मला देतात."

माझ्या टेबलावर ठेवली आहे.

शुक्रवार, १४

रेडिओचा लॅबचा निकाल: जंतू आढळले नाहीत. आणि आज ती जिन्यावर बसून बोलत होती! ताप कालच उतरला. वडील वर येऊन हात जोडून गेले. "उगाच औषधांचा मारा केला नाहीत, बरं वाटलं."

म्हणजे मावशीचा नियम बरोबर आणि आमच्या दोघींचे डोळे चुकीचे. आनंद व्हायला हवा होता. पण दुपारी पाटी जागेवर दिसली नाही. सिस्टर म्हणाल्या, "मॅडमनी कपाटाच्या मागे टाकलीय."

जेवताना मी विचारलं. मावशी म्हणाली, "मुलांना मजा वाटते, पण आता तो खोटा खेळ झालाय. रेडिओच्या घशावर मी पैज लावली असती. मला जे दिसतं ते तिथे नसतं, हे पुन्हा पुन्हा कळायला लागलं, की माणसाने समजावं." मग नुसता भात कालवत राहिली, जेवली नाही. "तू शिकून ये. दवाखाना तुझ्यासाठी ठेवते. मी नुसती वजनं घेत बसेन."

मला रडू आलं. एवढी बाई, आणि म्हातारपण असं चोरपावलांनी येतं. दिवसभर तिच्या चष्म्याचाच विचार करत होते. देवाने तिचे डोळे होते तसे परत द्यावेत.

रविवार, १६

नीट सुचत नाहीये, पण आजच लिहायला हवं.

पहाटे उठले तर थुंकी गिळता येईना. थंडी वाजून ताप, डोकं ठणकतंय, खोकला अजिबात नाही. स्वतःच्याच मानेवर बोट ठेवलं आणि ओरडले. मावशी धावत आली. दवाखाना बंद होता, मला हाताला धरून खाली नेलं आणि हिरव्या बाकावर बसवलं.

"आ कर."

बॅटरी लावून पाहिलं. बॅटरी विझवली. मग म्हणाली, "मला स्ट्रेप वाटतंय. म्हणजे बहुधा नसेल."

आणि काड्या आत गेल्या.

हे कसं लिहू? एका टॉन्सिलवरून, मागच्या भिंतीवरून, दुसऱ्या टॉन्सिलवरून, खरवडत. पोट तोंडात आलं. डोळ्यांतून, नाकातून पाणी. मी तिचा हात ढकलायला गेले, तोवर काड्या बाहेर होत्या. त्यांच्या टोकाला चिकट, पिवळट, एका बाजूला रक्ताचा ठिपका.

पट्टीवर दोन रेघा. लगेच, ठसठशीत.

मावशी आनंदाने म्हणाली, "अगं, पास झाले की मी! तुला कुणाकडून आलं हे? दोन आठवड्यांत आपल्याकडे एकही पॉझिटिव्ह..."

तिचं वाक्य अर्धंच राहिलं. मी त्या काडीकडे बघत होते. चिकट काडी. 'तुमच्या काड्या किती स्वच्छ असतात हो.'

"मावशी," मी म्हटलं, "माझ्याकडे कोणाला उमासा आला नाही. कोणालाच. उमासा यायला लागला की मी काडी मागे घ्यायचे. मी घशापर्यंत पोचलेच नाही. मी जीभ पुसत होते."

तिने माझी काडी उचलून पाहिली.

"लॅबच्या काड्याही मीच घेतल्या. त्याच हाताने. तुझे डोळे ठीक आहेत. तू सगळ्या वेळी बरोबर होतीस."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. ती बाकावर माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "एकदा दाखवलं आणि निघून गेले. परत येऊन बघितलं नाही. पट्टी माझ्या विरुद्ध बोलली तेव्हा मी माझ्या डोळ्यांवर शंका घेतली, चष्म्यावर घेतली, सेलवर घेतली. तुझ्या हातावर घेतली नाही. बहिणीची मुलगी ना."

मग एकदम उठली. "रेडिओ आजारी पडून आठवडा व्हायचाय. अजून वेळ गेलेली नाही. हृदयापर्यंत जायच्या आत औषध पोचतं. औषधाचा पहिला डोस आत्ता घे, मास्क बांध आणि झोप. फोन मी करते."

"फोन मी करणार."

बोलताना घसा ठणकत होता, तरी मीच केले. प्रत्येक घरी एकच वाक्य: चूक माझी झाली, मुलाला परत आणा. काही जण चिडले. एक आजी म्हणाल्या, "पोरगं खेळतंय की बाहेर, तुमचं काय मधेच?" किल्लीवाल्यांचं दुकान बंद, फोन लागला नाही. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी जिन्यावर जाऊन बसणार आहे.

सोमवार, १७

किल्लीवाले शटर वर करत होते. मी मास्क बांधून उभी.

"ताई, ती ठणठणीत आहे हो. शाळेत निघालीय. बऱ्या झालेल्या पोरीच्या घशात परत कशाला घालायचं?"

मला नीट सांगता येईना. मग त्यांना वर टेबलापाशी नेलं आणि ती किल्ली दाखवली. "ही आत जाते पण फिरत नाही, म्हणून ताप दिसतो तसा नाही, म्हणजे..." काहीतरीच बोलत होते. शेवटी सरळ म्हटलं, "मी तपासणी नीट केली नाही. घसा बरा दिसतो, पण जंतू राहिला असेल तर नंतर तिचं हृदय धरू शकतं. माझ्या आईचं धरलंय."

ते जिना उतरून गेले, शटर पुन्हा खाली ओढलं आणि पोरीला हाक मारली.

मावशी म्हणाली, "मी घेऊ का?"

"नाही. मी घेते. तू बघ."

या वेळी ती शेजारच्या खोलीत गेली नाही. कपाटामागून पाटी काढली, बाहीने पुसली, लिहिलं, उपडी ठेवली. सिस्टरनी रेडिओला मांडीवर घेतलं. ती मला शाळेतल्या कुठल्याशा भांडणाची बातमी देत होती.

"आज दुखेल," मी तिला म्हटलं. "उमासा येईल. पटकन संपवीन."

"पण तू तर रडवत नाहीस!"

"आज रडवणार आहे."

जीभ दाबली. टॉन्सिल, मागची भिंत, टॉन्सिल. तिचा घसा उसळला, डोळे मोठे झाले, आणि माझा हात मागे यायला लागला. मला कळलं तो येतोय ते. मी त्याला आत ठेवलं. परत टॉन्सिल. बाहेर.

ती ओकली, माझ्या कोटावर. मग रडली. अशी रडली, की बाकावरची दोन मुलंही सुरू झाली. हुंदक्यांतून म्हणाली, "तू घाणेरडी आहेस! माझी किल्ली परत दे!"

मी किल्ली परत दिली. काडीचं टोक चिकट होतं. आम्ही सगळे त्या पट्टीकडे बघत उभे राहिलो, किल्लीवाले तर गुडघ्यांवर बसून. दुसरी रेघ आधी नुसती सावली होती, मग रेघ झाली.

रेडिओने रागारागाने पाटी उलटली. 'स्ट्रेप'.

मावशी काही बोलली नाही. बरोबर आलं तर ती बोलतच नाही. औषध लिहून दिलं, वडिलांना बजावलं, "खेळायला लागली तरी एक गोळीही चुकवायची नाही. पूर्ण संपवायचं." आणि खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिली. चष्म्यावर काही नव्हतं.

संध्याकाळी आईचा फोन. "आज कोणाला दुखवलं नाहीस ना?"

"दुखवलं. सात वर्षांच्या मुलीला. फार रडली." आणि मग सगळं सांगितलं, कोरड्या काड्यांपासून.



मग आई म्हणाली, "मी तेवढीच होते. घसा दुखायचा. डॉक्टर घरी आले होते, चमचा घेऊन. मी रडायला लागले. बाबांनी त्यांना सांगितलं, माझ्या मुलीला रडवू नका, आणि परत पाठवलं. ताई दारात उभी होती, तिने सगळं पाहिलं."

"मावशीने?"

"हं. दहा वर्षांची असेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबांचा जीव होता गं माझ्यावर," आई म्हणाली. मग विचारलं, "ती मुलगी आता बरी होईल ना?"

"होईल."

"मग रडू दे."

शुक्रवार, २१

परत बोलावलेल्यांतले बहुतेक जण येऊन गेले. अजून दोन घरं राहिली आहेत, मावशी आणि मी उद्या त्यांच्या दारात जाणार.

रेडिओ जिन्यावर परत सुरू झाली आहे. सध्या एकच बातमी: वरची डॉक्टरीण घशात काय करते, ती साभिनय. त्यामुळे आज प्रत्येक मूल पायरीपासूनच रडत वर आलं. सिस्टर म्हणाल्या, "झाली जाहिरात. घ्या आता."

दुपारी एक मुलगा आला. ताप, गाठी, खोकला नाही. मावशीने घसा बघितला, पाटीवर लिहिलं, उपडी ठेवली आणि बाजूला सरकून मला जागा दिली.

"सिंह हो," मी त्याला म्हटलं. तो जांभई द्यायच्या आधीच रडत होता.

मी काड्या उचलल्या.